‘नॉर्मल’च्या खालची ओळ

डोणगावच्या तपासणी शिबिराच्या मंडपात किसनशेठ माईकवरून नावं पुकारत होता. नाव, मग "नॉर्मल!", मग टाळ्या आणि बियाणं कंपनीची पिशवी. मी मेहकरच्या माझ्या सेंटरवरून उशिरा पोचले. एका बाईच्या हातातलं कार्ड पाहिलं आणि थबकले. माझ्या रिपोर्टची पहिली ओळ, ‘नॉर्मल’, तेवढी छापली होती. दुसरी गायब.

मी रेडिऑलॉजिस्ट. अमडापूरच्या कोरडवाहू शेतातून शिकत वर आले. मॅमोग्राफीचं जुनं मशीनसुद्धा घासाघीस करून आणलं. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. त्यात चरबी काळी दिसते, ग्रंथी आणि तंतू पांढरे. पांढरं जितकं जास्त तितकी डेन्सिटी, म्हणजे दाटपणा, जास्त. गाठही पांढरीच दिसते. कापसाच्या ढिगात कापसाचाच बोळा शोधायचा. शिवाय दाट स्तनात कॅन्सरचा धोकाही काहीसा वाढतो. डेन्सिटी हा आजार नाही. पण वय आणि आई-बहिणीचा कॅन्सर यांच्यासोबत ती धरली की पुढं काय करायचं ते ठरतं. दाट स्तनांच्या बायांसाठी मी दुसऱ्या ओळीत तेच लिहिलं होतं: डेन्सिटी जास्त, सोनोग्राफी करा.

"दुसरी ओळ कुठं गेली?"

किसनशेठनं माईक खाली घेतला. त्याचं कृषी केंद्र होतं, शिबिरही त्याचंच. "म्याडम, खरं सांगू काय? औंदा बोंडअळीनं लोक माह्यावर भडकून हायेत. बीटी कापसाले अळी लागत नाही म्हणून मीच बियाणं इकलं. आता त्यायच्या बायकायलेही भेव घालू काय? चांगलं काही आयकू द्या ना त्यायले."

माझं डोकं फिरलं. "बोंडं बाहेरून हिरवीगारच होती, किसनशेठ. पाकिटावरही चांगलंच छापलेलं होतं."

तेवढ्यात नसीमबी पिशवी घेऊन स्टेजवरून उतरली. बांगड्या विकणारी. तिची आई स्तनाच्या कॅन्सरनं गेलेली, आणि तिची डेन्सिटी सगळ्यात वरच्या दर्जाची.

"नसीमबी, सोनोग्राफी करायची आहे."

"काऊन? आताच तं नॉर्मल सांगतलं ना हो बाई! अम्मी गेली तवापासून जीव टांगला होता, आज उतरला. पुन्हा काऊन टांगता?"

मी सरळ स्टेजवर चढले आणि माईकवर हात ठेवला.

"दाट स्तनांच्या सगळ्या बायांची सोनोग्राफी. माझ्याकडे, फुकट. गाड्या तुमच्या. नाहीतर काय कापलं ते मी इथूनच सांगते."

"पुढच्या हप्त्यात करू."

"आज."

"अर्ध्या आज, अर्ध्या..."

"आज, किसनशेठ."

त्यानं मंडपाकडं पाहिलं. मंडप भरलेला होता. "पिशव्या तरी वाटू द्यान?"

"वाटा."

बाकीच्या बायांच्या सोनोग्राफीत काही निघालं नाही. नसीमबीच्या निघालं. वाटाण्याएवढी गाठ, कॅन्सरची, पण वेळेत सापडली. ऑपरेशन झालं, औषधोपचार झाले. आज ती पुन्हा मेहकरच्या बाजारात बसते आणि बांगड्यांच्या भावात मला एक रुपया सोडत नाही.

पेपरात किसनशेठचा सत्कार छापून आला. पुढच्या शिबिराला त्यानं दुसरा डॉक्टर धरला. "थे म्याडम लय भांडते," असं सांगत फिरला म्हणे.

आता मी डेन्सिटी पहिल्या ओळीत लिहिते आणि ‘नॉर्मल’ दुसऱ्या. कापणारे खालूनच कापतात.