पिसुपोचं खोकं

आमचे फालानिको दाजी गावचे वक्ते. मयत असो की लग्न, हातात काठी, खांद्यावर काथ्याची चवरी घेऊन आलेल्या आहेराचे आभार मानायचे ते त्यांनीच. आणि आहेर म्हणजे काय, तर पिसुपो! डब्यातलं खारवलेलं गोमांस. आमच्या सामोआत पिसुपोची खोकी नेली नाहीत तर घराची छी-थू होते. ताजी फडफडीत मासळी न्या, बाया लगेच म्हणणार, "मासे काय, समुद्र फुकट देतो!"

भाषण संपलं की यजमानीण त्यांच्या पुढ्यात पिसुपोचं ताट ठेवणार. ताट नाकारलं तर मेलेल्या माणसाचा अपमान.

गेल्या वर्षी दाजींच्या डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. मग नर्स लुसिया घरी आली आणि एक डबा उचलून त्यांच्यासमोर ठेवला.

"काका, यात प्रथिनं आहेत, लोह आहे, खोटं कशाला बोलू? पण चरबीसुद्धा ठासून भरलीय. वर मीठ, साखर, आणि मांस गुलाबी दिसावं म्हणून घातलेलं नायट्राइट. तुमची साखर वाढलीय, रक्तदाब वाढलाय, पायापर्यंत रक्त पोचत नाहीये. हे खात राहिलात तर पाय जाईल."

"अगं, पण ताटात येतं त्याला मी काय करू?"

"नको म्हणायचं."

दाजी हसले. "पोरी, तुला कोणी भाषणाला बोलवत नाही, म्हणून तुला नको म्हणता येतं."

माझ्या ताईने, सिएनीने, घरातले सगळे डबे कुलपात टाकले. उकडलेली हिरवी केळी आणि मासे सुरू झाले. दाजी मला म्हणायचे, "मेव्हण्या, तुझी बहीण मला उपाशी मारून दुसरा नवरा करणार."

"करू दे की! बडबड तरी कमी असेल त्याची."

बाहेर मात्र त्यांनी युक्ती काढली. मोठ्यांचं उरलेलं पोरांनी खायचं, ही आमची रीतच. दाजी एक घास घ्यायचे आणि ताट पोरांकडे सरकवायचे. नको म्हटलं नाही आणि खाल्लंही नाही. स्वारी खूश!

मग आकेनेसेचा नवरा गेला. आकेनेसे म्हणजे लोण्याच्या काळजाची बाई. फालानिको स्वतः उपाशी राहून पोरांना भरवतो, असं तिच्या कानावर गेलेलं. तिने कांदा घालून परतलेलं पिसुपो दाजींपुढे ठेवलं आणि समोरच बसून वारा घालू लागली. रडून डोळे सुजलेले.

"पोरांसाठी वेगळं काढलंय. तुम्ही पोटभर खा. त्यांचा तुमच्यावर फार जीव होता हो."

दाजींनी ताईकडे पाहिलं. ताईने खाली पाहिलं. बोलणार काय, कपाळ? तोंड दाबून बुक्क्यांचा मार! दाजींनी ताट साफ केलं, आकेनेसेने पुन्हा वाढलं.

मग काय, घरोघरी तीच तऱ्हा. प्रत्येक बाईला वाटायचं, आपणही वक्त्याला पोटभर जेवू घालावं. आणि त्या वर्षी मेली माणसंही मरायची थांबेनात. ताई प्रत्येक वेळी घरी येऊन दाजींशी भांडायची, रडायची, आणि पुढच्या मयताला त्यांची चवरी स्वतःच झटकून हातात द्यायची.

शेवटी पायाची जखम काळी पडली. डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय कापला.

दुसऱ्या दिवशी गाव इस्पितळात भेटायला आलं. पुढे आकेनेसे. आणि मागे प्रत्येकाच्या खांद्यावर पिसुपोचं खोकं! एवढ्या मोठ्या माणसाला भेटायला रिकाम्या हाताने कसं यायचं? मला असा संताप आला की एकेक खोकं खिडकीबाहेर भिरकावावं. पण ताईने हसतमुखाने ती घेतली आणि पलंगाखाली रचली.

दाजींनी खुणेने चवरी मागितली. उशीला टेकून बसले, ती खांद्यावर टाकली आणि एकेका घराचं नाव घेऊन सगळ्यांचे आभार मानले. आवाज जरासुद्धा कापला नाही. आकेनेसे हमसून हमसून रडली.

लोक गेल्यावर ताई फणकारली, "आत्ताच्या आत्ता ही खोकी समुद्रात बुडवते."

"वेडी आहेस का?" दाजी डोळे मिटून म्हणाले. "लुसियाने सकाळी दुसरा पाय पाहिला. मला काही बोलली नाही. माझ्या मयताला ही लागतील, सिएनी. तेव्हा कुठे धावत बसशील?"

ताईने आपली बसायची चटई उचलली आणि ओल लागू नये म्हणून खोक्यांखाली सरकवली.