चिखलातल्या शर्यतीची माझी बाजू

टेक्ससमधल्या फ्रिस्कोहून निघालो तेव्हा रस्ता इतका सरळ होता की चालकाची गरज केवळ शिष्टाचारापुरती भासावी. गाडी माझा मुलगा मिलिंद चालवत होता. हेंड्रिक नावाच्या, आता इकडेच स्थायिक झालेल्या एका निवृत्त डच सायकलपटूला भेटायला मला नेण्यास तो एका अटीवर तयार झाला होता.

"बाबा, प्लीज, त्यांना ती स्टोरी ऐकवू नका. फार ऑकवर्ड होतं."

'ती स्टोरी' ही सत्य घटना आहे. तरुणपणी मी हॉलंडमध्ये एका बंदराच्या कामावर अभियंता होतो. एका पावसाळी रविवारी सायक्लोक्रॉस (चिखलातून, चढउतारांवरून जाणारी शर्यत, जिच्यात सायकल अधूनमधून खांद्यावर घ्यावी लागते) पाहायला गेलो. हेंड्रिक तोवर रस्त्यावरच्या शर्यतींत इतरांना पाण्याच्या बाटल्या पुरवणारा दुय्यम गडी होता. चढावर तो सायकलवर बसूनच पेडल रेटत होता. मी ओरडलो, "उतर आणि पळ!" तो उतरला, पळाला, जिंकला आणि पुढे चिखलाचा बादशहा झाला. माझ्या घरात हे कोणीही खरे मानत नाही.

वाटेत टाको (अंड्याचे सारण भरलेली पातळ पोळी) खाल्ला. सोबतची चटणी जहाल असते, असे टेक्ससमधील लोक सांगतात. मला ते मान्य नाही. डोळ्यांत पाणी आले ते वाऱ्यामुळे.

हेंड्रिक शिकवतो ते मैदान कोरडे ठणठणीत होते. त्यामुळे दोघे गृहस्थ पाइपने पाणी सोडून मोठ्या निष्ठेने चिखल तयार करत होते. पांढऱ्या भुवयांचा, काटक हेंड्रिक मुलामुलींना धावत्या सायकलवरून उतरायला शिकवत होता. मी थेट त्या रविवारचा विषय काढला. मिलिंदने मान खाली घालून फोन पाहायला सुरुवात केली.

हेंड्रिकने पांढऱ्या भुवया उंचावल्या.

"काळी छत्री!" तो एकदम म्हणाला. "लांब दांड्याची! माझ्या हँडलमध्ये अडकली. मी आडवा! साखळी निसटली, म्हणून सायकल खांद्यावर टाकून पळालो. वर पोहोचलो तर चौघे मागे पडलेले!"

छत्रीचा तपशील मी आजवर अप्रस्तुत मानून वगळला होता.

"पण 'पळ' असं मीच ओरडलो होतो," मी स्पष्ट केले.

"नाही हो. तुम्ही 'माझी छत्री, माझी छत्री' म्हणून ओरडत होतात."

या वयात स्मरणशक्ती दगा देते, हे मी त्याला सौम्यपणे सुचवले. तो खदखदून हसला आणि त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "रस्त्यावर इतकी वर्षं घासली, कोणाला माझं नावही ठाऊक नव्हतं. मला पळता येतं, हे त्या दिवशी कळलं."

परतताना मिलिंदने गाडीतूनच सूनबाईंना फोन लावला. "अगं, बाबा खरंच तिथे होते! त्यांनी त्याला छत्रीने पाडलं, म्हणून तो जिंकला!"

या वृत्तांतात किमान तीन चुका होत्या. त्या दुरुस्त करण्यासाठी मी घसाही खाकरला. तेवढ्यात तो पुन्हा म्हणाला, "नाही गं, खरंच होते!"

मी खिडकीबाहेरचा तो सरळ रस्ता पाहत राहिलो.