अनीसामावशींचं नाव

एकवीरा आईवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची, पण मागच्या वर्षी तळेगावच्या दवाखान्यात ती श्रद्धा पार थकून गेली होती. मालकांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, वाचा बंद. डॉक्टर म्हणाले, गिळता येतंय, चमच्यानं पेज भरवा. पण चमचा पुढे केला की हे दात आवळून भिंतीकडे तोंड फिरवत. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागणार होती. हे खाईपर्यंत मीही अन्नाला शिवणार नाही, असा नवस मी आईला बोलले होते. नुसत्या पाण्यावर होते. खरं सांगते, आईला हाक मारायचंही त्राण उरलं नव्हतं, उलट तिचा रागच आला होता.

शेजारच्या खाटेवर आपल्या आजारी बहिणीपाशी लोणावळ्याच्या अनीसामावशी बसलेल्या असत. त्यांनी विचारलं, शेवटची कधी जेवलीस? मी नवसाचं सांगितलं. त्यांनी डब्यातली भाकरी दुधात कुस्करली आणि मला मालकांच्या समोर बसवलं.

"तू चमचा खाली ठेवलास की ते तुझ्याकडंच बघत बसतात. खा पोरी."

"मावशी, नवस मोडंल. आई कोपंल."

"आई कुठं लेकराला उपाशी ठेवते?"

मी रडत रडत खाल्लं. मग पेजेचा चमचा पुढे केला, तर मालकांनी तोंड उघडलं. मी उपाशी असताना ते कसे जेवणार होते? एवढ्या वर्षांच्या संसारात मला तेवढंही कळलं नव्हतं.

संध्याकाळी मी मावशींना त्यांच्या नावाचा अर्थ विचारला. त्यांच्या आजोबांनी ठेवलेलं अरबी नाव. 'उन्स' म्हणजे जवळीक, लळा. ज्याच्या सोबतीनं परकेपणा आणि भीती जाते तो अनीस, बाई असेल तर अनीसा. इन्सान हा शब्दही त्यातूनच आला, असं आजोबा सांगत. नावाला आपण कुठं पुऱ्या पडतो, असं म्हणून मावशी हसल्या.

मी आईकडे मालकांचं बरं होणं मागत होते, आईनं आधी मला सोबत दिली. हा चमत्कार म्हणावा का, मला ठाऊक नाही. पुढे आईच्या देवळाला कार्ल्याचा डोंगर चढले ती मोडलेल्या नवसाची माफी मागायला, पण तिच्यासमोर नुसते हात जोडून उभी राहिले. आता मी तिला अटी घालत नाही. मालक अजून नीट बोलत नाहीत, मीही थकलेलीच असते. भाजे गावातल्या आमच्या घरी ताट वाढलं की ते माझ्याकडे बघतात. पहिला घास मी घेते, मग ते तोंड उघडतात.