छाती उघडल्यावर बोलायचं नाही

थोरलीने मागच्या रविवारी फोनवर विचारलं, "आजी, आजोबांनाही एवढ्या परीक्षा होत्या का गं?" ती आता छातीच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घेते आहे आणि परीक्षांना कंटाळली आहे. फोनवर सगळं सांगणं जमत नाही, म्हणून लिहिते. धाकट्यांनीही वाचा. शेवट चांगला आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे कोणी उगाच धास्तावून वाचणार नाही.

आधी जुनी पद्धत सांगते, मग नवी. उलटं केलं तर घोटाळा होईल.

तुमचे आजोबा स्वातंत्र्याच्या वर्षी डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी आमचं लग्न झालं. मी मुंबईला इंग्रजी घेऊन बी. ए. केलं होतं. लग्न होऊन नागावला आले, सासूबाईंच्या नारळी-पोफळीच्या वाडीत, आणि अलिबागला मुलींच्या शाळेत शिकवू लागले. आजोबा मुंबईत रुग्णालयाच्या एका खोलीत राहत. तिथे बायकोला जागा नव्हती. शनिवारी दुपारी भाऊच्या धक्क्यावर लाँच पकडून रेवसला यायचे, तिथून एस. टी.ने घरी. पावसाळ्यात लाँच बंद झाली की पेणवरून फिरून यावं लागे, मग महिन्यातून एखाद्या वेळीच दिसत.

तेव्हा छातीची शस्त्रक्रिया म्हणजे बहुतेक करून क्षय. औषधं नुकती कुठे येत होती आणि सगळ्यांना मिळत नव्हती. म्हणून रोग्याच्या बरगड्या काढून छाती एका बाजूने आत बसवायची, म्हणजे रोगट फुफ्फुस मिटून राहतं आणि त्याला विश्रांती मिळते. ऐकायला भयंकर वाटतं, पण माणसं त्यातून उठून घरी जात. हे काम शिकवणारी शाळा नव्हती. साधी शस्त्रक्रिया शिकून झाली की ज्याला छातीचं काम हवं असेल त्याने एका मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली उभं राहायचं. आजोबांचे हे मोठे डॉक्टर विलायतेत शिकून आलेले. सगळे त्यांना नुसतं "सर" म्हणत.

सरांचा एक नियम होता. छाती उघडली की कोणी बोलायचं नाही. सुरुवातीला त्याला कारण होतं. अशा शस्त्रक्रिया पुष्कळदा नुसती जागा बधिर करून करत. रोगी जागा असे, त्याला सगळं ऐकू येई. आपल्या बरगड्यांवर चाललेली चर्चा कोणाला ऐकवणार? पुढे रोग्याला पूर्ण भूल द्यायची सोय झाली, पण नियम तसाच राहिला. सर हात पुढे करत, त्यात योग्य हत्यार पडलं पाहिजे. चुकलं तर ते हत्यार खाली टाकून पुन्हा हात पुढे करत. शब्द नाही. आजोबा अशी कितीतरी वर्षं बघून बघून शिकले.

आणि परीक्षा? ती एक दिवस आपोआप झाली. रोग्याला भूल दिलेली, आजोबा नेहमीच्या जागी उभे. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, हातमोजे काढले, म्हणाले, "तू कर. मी चहा घेऊन येतो." सर परत आले तेव्हा छाती शिवून झाली होती. त्यांनी टाके पाहिले आणि दुसऱ्या रोग्याकडे वळले. ही आजोबांची पदवी. त्या शनिवारी घरी आले तेव्हा मला म्हणाले, "सर चहाला गेले." मला काही कळेना. चहाला जाण्यात एवढा आनंद कसला?

आता नवी पद्धत. साठ साल उलटलं तसं सगळं बदलू लागलं. क्षयाची औषधं गावोगाव पोचली, बरगड्या काढण्याचं काम कमी झालं. त्याऐवजी फुफ्फुसाचा नेमका खराब भाग काढणं, हृदयाच्या झडपा मोकळ्या करणं अशी नाजूक कामं आली. नुसतं सरांच्या शेजारी उभं राहून ती शिकता येईनात. मग ठरलं की छातीच्या शस्त्रक्रियेची वेगळी पदवी असावी. साधी शस्त्रक्रिया शिकल्यावर आणखी काही वर्षांचं ठरलेलं शिक्षण, प्रबंध, लेखी परीक्षा, बाहेरगावच्या परीक्षकांपुढे रोगी तपासणं आणि शेवटी त्यांच्यासमोर प्रत्यक्ष शस्त्रक्रिया. हे योग्यच होतं. एका सरांना जे येतं तेवढंच शिष्याला येणार, हे किती दिवस चालणार?

पण आजोबांसारख्या मधल्या लोकांची पंचाईत झाली. रुग्णालयाने सांगितलं, जुन्या माणसांनीही ही परीक्षा द्यावी. दोनदा बसता येईल. नाही जमलं तर छातीच्या विभागात स्वतःच्या जबाबदारीवर शस्त्रक्रिया करता येणार नाही, साध्या विभागात परत जावं लागेल. आजोबांची चाळिशी जवळ आलेली, कानाशी केस पांढरे झालेले. ते तरण्या पोरांच्या रांगेत बसले. लेखीला उत्तम उतरले. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत नापास झाले.

त्या शनिवारी ते आले ते सरळ वाडीत जाऊन बसले. सासूबाईंनी मला खूण केली, मी गेले.

"हात चुकला का?" मी विचारलं.

"नाही."

"मग रोगी?"

"रोगी छान आहे. परवा उठून बसला."

"मग झालं काय?"

हळूहळू निघालं. फुफ्फुसाचा एक भाग काढायचा होता. आजोबांच्या चिमट्यात रक्तवाहिनी धरलेली असताना परीक्षकांनी विचारलं, "हीच आधी का बांधता?" छाती उघडी होती. आजोबा बोलले नाहीत. त्यांनी गाठ मारली, दुसरी मारली. परीक्षकांनी पुन्हा विचारलं. आजोबांनी मान हलवली, म्हणजे थांबा. पुढे आणखी तीन-चार प्रश्न आले, त्यांचंही तेच झालं. शस्त्रक्रिया संपल्यावर ते उत्तरं द्यायला वळले, तर परीक्षक हात धुवायला निघून गेलेले. याचे हात शिकलेले आहेत, पण जे करतो ते का करतो हे याला माहीत नाही, असं त्यांनी ठरवलं.

"तुम्हाला उत्तर येत नव्हतं?" मी विचारलं.

"झोपेत सांगेन."

"मग सांगायचं ना!"

"छाती उघडी होती गं," ते म्हणाले, जणू मी त्यांना देवळात चपला घालून जायला सांगत होते.

मला राग आला आणि हसूही आलं. पण हसण्यासारखं नव्हतं. पुढची संधी शेवटची होती. ते म्हणू लागले की अलिबागला दवाखाना टाकतो, ताप-खोकला बघतो, घरी राहतो. सासूबाई एकदम म्हणाल्या, "घरी ये, मला हवाच आहेस. पण असा तोंड पाडून नको. असा आलास तर रोज तुझं तोंड कोण बघणार?"

मे महिन्यात त्यांनी रजा घेतली आणि मी त्यांची शिकवणी सुरू केली. मला वैद्यकातलं काही कळत नव्हतं, पण मुलींना उभं करून बोलतं करणं हा माझा रोजचा धंदा होता. नियम घातला की हात चालू असताना तोंड चालू पाहिजे. ओटीवर चटई टाकली, त्यावर उशी ठेवली, ती रोग्याची छाती. मी परीक्षक. सासूबाई पाटावर बसून वालाच्या सुक्या शेंगा सोलत.

"माझी उशी फाडलीस तर बघ," त्या म्हणाल्या.

पहिले दिवस हाल होते. आजोबा उशीवर वाकले की ओठ घट्ट मिटत. मी विचारलं, "आता काय करता?" की हात थांबे, मग ते बोलत. बोलणं थांबलं की हात सुरू. दोन्ही एकदम काही होईना. त्यात शेजारच्या आक्षी गावची कोळीण टोपली घेऊन दारात आली. ती थोडा वेळ बघत राहिली आणि मला हळूच म्हणाली, "वैनी, डाक्टर उशीला काय करतान?"

"ऑपरेशन."

"मग ती वाचंल ना?" असं म्हणून ती खाली बसली आणि दोन पापलेटांचा भाव करता करता अर्धी शस्त्रक्रिया बघून गेली. दुसऱ्या दिवशी आली ती विचारतच, "उशीला बरं हाय का आता?" आजोबा खळखळून हसले. नापास झाल्यापासून पहिल्यांदाच हसले.

खरी गाठ सुटली ती सासूबाईंमुळे. त्या कंटाळून म्हणाल्या, "अरे, त्या माणसाने तुला विचारलं तरी काय होतं? मलाही सांग की."

आजोबा उशीवर वाकूनच बोलू लागले. "आई, फुफ्फुसात रक्त नेणारी एक वाहिनी असते, परत आणणाऱ्या दुसऱ्या. दोन्ही बांधायच्या. आधी कुठली, असं विचारलं."

"मग?"

"आपण वाफ्यात पाटाने पाणी सोडतो. पाणी येतंय, आणि तू वाफ्याची पलीकडची वाट बुजवलीस, तर काय होईल?"

"वाफा तुंबेल."

"तसंच फुफ्फुस तुंबतं. रक्त येत राहतं, जायला वाट नाही. म्हणून नेणारी आधी बांधायची. कर्करोग असला तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे कधी परतीची आधी बांधतात, रोगाचे कण पुढे जाऊ नयेत म्हणून."

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "एवढंच विचारलं होतं? आणि तू गप्प बसलास?"

"हो."

"धन्य आहे तुझी, आणि त्या तुझ्या सरांचीही."

मी मात्र त्यांच्या हातांकडे बघत होते. बोलणं चालू असताना बोटं उशीवर गाठ मारत होती. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी नुसता पुढचा प्रश्न विचारला. सांगितलं असतं तर पुन्हा अडकले असते.

रजा संपेपर्यंत रोज तेच केलं. सासूबाई मन लावून अडवायच्या, "का?" "असं का नाही?" "आणि मधेच तो खोकला तर?" मग आजोबा त्यांना भूल देणाऱ्या डॉक्टरचं काम समजावून सांगत. मुंबईला परत गेल्यावर त्यांनी सरांना सगळं सांगितलं. सर वयस्क झाले होते, निवृत्तीला आले होते. मला वाटलं होतं ते रागावतील. ते म्हणाले म्हणे, "रोगी झोपायला लागला तेव्हाच मी नियम सोडायला हवा होता. उद्यापासून माझ्या टेबलावर बोल." आजोबा बोलू लागले. परिचारिका आधी दचकल्या, मग सरावल्या.

दुसरी परीक्षा दसऱ्यानंतर होती. तोवर लाँच पुन्हा सुरू झाली होती. परीक्षा झाली त्या आठवड्याच्या शनिवारी मला शाळेत काही सुचेना. मुलींना एकच धडा दोनदा वाचायला लावला. घरी येऊन नागावच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. तसं करायची रीत नव्हती. नवरा घरी येतो, बायको थांब्यावर जात नाही. सासूबाईंनी मला जाताना पाहिलं आणि मुद्दाम विहिरीकडे तोंड फिरवलं.

रेवसची एस. टी. आली. दार उघडलं, दोन माणसं उतरली, आणि आजोबा पायरीवर उभं राहून कंडक्टरशी बोलत होते. दोन्ही हातांनी काहीतरी दाखवत होते. कंडक्टर दोरीला हात लावून उभा. "डॉक्टरसाहेब, उतरा आता, गाडीला उशीर होतोय," तो म्हणाला आणि मला बघून हसला. "वैनी, रेवसपासून माझ्या छातीत काय काय आहे ते सांगतायत. मला आता धाप लागायला लागली."

मला विचारायची गरजच उरली नाही. मी थांब्याशेजारच्या दगडावर मटकन बसले. आजोबा धावत आले, त्यांना वाटलं मला चक्कर आली. माझी नाडी धरली आणि बोलतच राहिले. परीक्षकांनी विचारलं होतं, यांनी सांगितलं होतं, मग परीक्षकांनी विचारायचं थांबवलं तरी यांनी सांगितलं होतं. शेवटी त्यातले एक म्हणाले होते, "पुरे, डॉक्टर. आम्हाला समजलं." शुक्रवारी संध्याकाळी परीक्षकांनी पास झालेल्या चौघांना बाहेर बोलावून त्यांचे हात हातात घेतले, त्यात हे एक.

घरी सासूबाईंनी काही न विचारता त्यांच्या तोंडात साखर घातली. साखर तोंडात असतानाही ते बोलत होते. त्या म्हणाल्या, "सूनबाई, हे तू केलंस. आता निस्तर."

रविवारी दुपारी जेवून ते ओटीवर झोपले, ते चहाच्या वेळेपर्यंत. कित्येक महिन्यांत दिवसा झोपले नव्हते. सासूबाईंनी गड्याला रहाट थांबवायला सांगितलं. वाडीचं पाणी उद्यावर गेलं तरी चालेल, म्हणाल्या. मी पिशवी भरायला घेतली, दोन सदरे, पोह्यांचा डबा. ते उठून जवळ येऊन बसले.

"मंगळवारी एक बाई आहेत," ते म्हणाले. "पेणच्या. उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग."

"कोण करणार आहे?"

"मी," ते म्हणाले. मग पोह्यांचा डबा माझ्याकडे सरकवत म्हणाले, "दोन नवीन मुलं येतील मदतीला. त्यांना सांगणार आहे, काय हवं ते विचारा."

मी पिशवीचं तोंड बांधलं. पहाटेची गाडी चुकू नये म्हणून त्या दिवशी आम्ही लवकर जेवलो.