मामांचा पाय जिथे ब्रेकवर जायचा

पेलामामांनी कापडगोदामाच्या गल्लीत बाई ठेवलीय, ही बातमी टॅक्सीच्या थांब्यावर पहिल्यांदा कोणी आणली, ते आज कोणी कबूल करणार नाही. साठी बुद्धी नाठी म्हणत सगळ्यांनी ती चवीने चघळली, एवढं खरं. दोघी जणी तर थेट मामींच्या कानावर घालायला गेल्या. मामी भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "आहे हो एक. दिसायला बरी आहे." आता बोला! आग लावायला आलेल्या दोघी चहासुद्धा न घेता परतल्या.

मामांनी छत्तीस वर्षं टॅक्सी चालवली. डॅशबोर्डवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवायचे आणि भर गर्दीतून गाडी काढायचे. एक थेंब सांडत नसे, म्हणून पेलामामा. पुढे बिनचालकाच्या गाड्या आल्या आणि थांबा ओस पडत गेला. त्या गाड्यांना खोड मात्र एकच. ब्रेक असा मारायच्या, की मागच्या माणसाचा नाश्ता पुढच्या सीटवर.

ही खोड एका इंजिनिअर पोरीने हेरली. सुट्या भागांच्या रिकाम्या गोदामात चार कॉम्प्युटर, तीन खुर्च्या आणि ती, अशी तिची कंपनी. गाड्या बनवोत बापडे मोठे लोक, आपण त्यांना चालवायची रीत विकू, असा तिचा हिशेब. यंत्राला शिकवायला तिला एक मुरलेला हात हवा होता. पेला पाहिला आणि तिने दुसऱ्याच दिवसापासून मामांना कामावर घेतलं. गाडीभर कॅमेरे, पेडलखाली तारा. रस्ते मामा निवडायचे, गाडी मामा चालवायचे आणि यंत्र बघून बघून शिकायचं.

"काय मामा, बसलाय तीच फांदी तोडताय?" थांब्यावरचे टोमणा मारायचे.

"फांदी केव्हाच तुटलीय रे. हळू कसं पडायचं, तेवढं शिकवतोय."

सात महिन्यांनी शिष्य तयार झाला. सोमवारी मोठ्या कंपनीची माणसं परीक्षा घ्यायला येणार होती. गुरुवारी पोरीने रिकाम्या स्टिअरिंगची गाडी गावभर फिरवली. कुठे धक्का नाही, हिसका नाही. फक्त कापडगोदामाच्या गल्लीत गाडी एकाएकी मुंगीच्या पावलाने चालू लागली. सिग्नल नाही, खड्डा नाही. एका बाजूला कोरी भिंत, दुसऱ्या बाजूला साधी तीन मजली इमारत. तीनदा फिरवली, तीनदा तेच.

पोरीने मामांना स्क्रीनवरची रेघ दाखवली. "हे यंत्राचं डोकं नाही मामा, तुमचा पाय आहे. जवळजवळ रोज सव्वादहाला तुम्ही इथे ब्रेक दाबलाय. का?"

"सवय."

"कशाची? कारण कळलं तर तेवढाच तुकडा बाजूला काढते. नाही कळलं तर तुमच्या बाकीच्या ब्रेकवर तरी विश्वास कसा ठेवू? सगळं पुसून नव्या माणसाकडून पहिल्यापासून करावं लागेल."

हे काम गेलं की या जन्मी पुन्हा स्टिअरिंगला हात लागणार नाही, हे मामांना पोरीपेक्षा जास्त कळत होतं.

"बाई असली तरी सांगा हो. मी कोणाला बोलणार नाही."

म्हणजे बातमी पोरीच्या गोदामापर्यंतही पोचली होती! मामांना हसू आलं. "मांजर आडवं जायचं, असं लिही."

"रोज सव्वादहाला?"

"वक्तशीर मांजर."

एरवी पोरगी खो खो हसली असती. पण सोमवार चार दिवसांवर होता आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मामा, प्लीज."

मामांनी मान हलवली. नाही म्हणून.

सात महिने पुसायला अकरा मिनिटं लागली. मामा खुर्चीमागे उभे राहून रेघा जाताना पाहत होते. सोमवारची परीक्षा अर्थातच झाली नाही. वर्षभराने ती रीत विकली गेली, पण दुसऱ्याच हाताची. आता त्या गल्लीतून गाड्या सुसाट जातात. मामा तिकडे पायी जात नाहीत. पायी गेलं की थांबावं लागतं आणि थांबलेला माणूस दिसतो.

त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर मामांची मुलगी राहते. अकरा वर्षांपूर्वी तिने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा मामा म्हणाले होते, "पुन्हा तुझं तोंड पाहणार नाही." सव्वादहाला ती गॅलरीत कपडे वाळत घालते. चादरींमागून तिचे हात दिसतात. तोंड दिसत नाही.