वायरमनच्या सोबतीला

गल्लीतल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी परदेशी होतं, आणि मागे उरलेल्या सगळ्यांना मिळून एकच वायरमन होता. मुलगे पैसे पाठवायचे. त्या पैशांचे फ्रिज व्हायचे, एसी व्हायचे, आणि ते जिन्यावरून वर चढवायचे वायरमनने. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर मात्र बापजाद्यांच्या काळचा; तो बदलायला कुणाचा मुलगा पैसे पाठवणार? उन्हाळ्यात सगळे एसी एकदम लागले की गल्ली अंधारात जायची आणि सातासमुद्रापलीकडून फोन यायचा, "अरे, जरा बघ ना, आई घामाघूम झालीये." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

तोही गेला असता. पण आधी बायकोला काम मिळालं, तिकडे कुणाचीतरी मुलं सांभाळायचं. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून तो थांबला. आई गेली तरी थांबलेलाच राहिला, कारण तोवर गल्लीतल्या म्हाताऱ्यांना कळलं होतं की हा हाकेसरशी येतो. बल्ब बदलायला गेला की डोळ्यांत थेंबही घालून यायचा. दवाखान्याच्या खेपा त्याच्याच, आणि कुणी गेलं तर पहिला खांदाही त्याचाच. त्याला या सगळ्याचा फार कंटाळा आला होता. चिडायचाही, पण घरी, दार लावून.

शेवटी एका वॉशिंग मशीनने दावा साधला. हर्निया झाला. "आता टाळू नका," डॉक्टर म्हणाले. "आतडं अडकलं तर जिवावर बेतेल."

बातमी फोनवरून पसरली आणि पैसे येऊ लागले. ज्यांनी त्याची मजुरी कधी वेळेवर दिली नव्हती, त्यांनीही पाठवले. बायको फोनवर रडली. तिची तिकडची मालकीण रजा देत नव्हती. "दवाखान्यात चांगली खोली घ्या, पैशाकडे बघू नका," बायको म्हणाली. त्याने चांगली खोली घेतली.

ॲडमिट करताना नर्सने विचारलं, "सोबत कोण आहे?"

"कुणी नाही. पैसे भरलेत सगळे."

"मग औषधं आणायला पैशाला पाठवू का? धावपळीला माणूस लागतं हो. उद्या सकाळी कुणी नसेल तर डॉक्टर हात लावणार नाहीत."

तिचं काही चुकत नव्हतं. चुलतभाऊ होते, पण तेही परदेशी. त्याने लाजत लाजत गल्लीत फोन केला.

सकाळी गल्ली आली. काठी टेकत निवृत्त मास्तरीणबाई, त्यांच्या खांद्याला धरून नुकतंच मोतीबिंदू काढलेले शिंपीकाका, आणि भिंतीच्या आधाराने काकू. नर्सने दारातल्या तिघांकडे पाहिलं.

"यांच्यातला पेशंट कोण?"

लिफ्ट बंद होती म्हणून बाई जिना चढून आल्या होत्या. त्यांना धाप लागली आणि ती थांबेना. वायरमन कॉटवरून उतरला आणि त्याने त्यांना आपल्या जागी बसवलं.

"तू पडून राहा रे, आम्ही आहोत ना," म्हणत बाई त्याच्याच उशीवर कलंडल्या.

डॉक्टर आले. बाईंना ऑक्सिजन लावला. वायरमनचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर गेलं. तेव्हा तरी कोण येणार, हे त्याला ठाऊक नव्हतं. नर्सने चिठ्ठी लिहिली, तिघांवरून नजर फिरवली आणि ती वायरमनच्या हातात दिली.

"खालून इंजेक्शन आणा, लवकर."

तो पोट हाताने दाबून जिना उतरू लागला.