पाटीला हात

“मी नाही हं हात लावणार. हाताचा वास जात नाही,” मॅडम दारातूनच म्हणाल्या.

दारात कोळीण उभी होती. डोक्यावर पापलेटांनी भरलेली पाटी. एवढी पाटी एकटीने उतरवायची नसते. मासे घेणारीने एका बाजूने हात लावायचा, घेऊन झाले की चढवायलाही लावायचा. आमच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात हे कुणाला सांगावं लागत नाही.

ती कोळीण माझी आई होती.

मी आत सोफ्यावर. समोर नवाकोरा कलर टीव्ही, हातात चहाचा कप. अंधेरीच्या कॉलेजात मॅडमनी आम्हाला एक फिलिपिनी कथा शिकवली होती. मच्छीमाराची पोर मनिलाला शिकायला जाते, मोठ्या लोकांत मिसळते आणि गावाहून आलेल्या आईला ओळखच देत नाही. शिकवताना मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले होते. मी त्या कथेवर निबंध लिहिला, तो त्यांना फार आवडला. “तुला मी एम.ए. करवणार. प्राध्यापक होशील,” म्हणाल्या आणि घरी बोलावलं. घर कुठे विचारलं, तर मी वेसाव्याचं नाव न घेता नुसतं अंधेरी सांगितलं.

“बाय, जरा हात लाव गो,” आई पुन्हा म्हणाली. तेवढ्यात तिला मी दिसले.

मी उठले नाही. पाय धड होते, जीभ धड होती. नाही उठले.

आईने नजर काढून घेतली. भिंतीला टेकत, गुडघे मोडत एकटीने पाटी उतरवली. मॅडमनी मोलकरणीला चार पापलेटं घ्यायला लावली. परत एकटीनेच चढवताना आईची मान एकदम कलली.

“या लोकांना सवय असते ना,” मॅडम मला म्हणाल्या. मग आम्ही पुन्हा त्या कथेवर बोललो. मीसुद्धा बोलले.

घरी आई मानेला तेल चोळत बसली होती. “मी वळख दिली नाय, बरा केला ना गो? तुजा शिक्षान हाय.”

तिने मला मारायला हवं होतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी निबंध वर्गात वाचायला सांगितला. मी उभी राहिले.

“मॅडम, काल तुमच्या दारात आली ती माझी आई. तुम्ही पाटीला हात लावला नाहीत. मीही लावला नाही. हे मी वाचणार नाही.”

“अगं, मग आधी सांगायचंस ना!”

म्हणजे सांगितलं असतं तर हात लावला असता. माझ्या आईच्या पाटीला. बाकीच्या कोळणींचं काय?

एम.ए. मी केलं, मॅडमच्या शिफारशीवाचून, दोन वर्षं उशिरा. आज मीही शिकवते. आईची मान मात्र मरेपर्यंत डावीकडे वळली नाही. मॅडमना मी माफ केलेलं नाही, स्वतःला तर नाहीच. माझ्या दारी पाटी आली की मी आधी हात लावते, मासे घ्यायचे असोत वा नसोत. आणि जिथे पाटीला हात लावत नाहीत, त्या घरचा चहा मला चालत नाही.